गिनीपिग नर-मादी एकत्र ठेवता येतात का? (दुकानदाराने "दोन्ही माद्या" म्हणून दिल्या होत्या)

मृण्मयी_कोथरूड | १९ मार्च, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

२६ डिसेंबरला लेकीच्या (वय ९) हट्टापायी दोन गिनीपिग आणले. दोन-अडीच महिन्यांचे होते. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, दोन्ही माद्या आहेत ताई, बहिणी आहेत, काही व्याप होणार नाही. एक तपकिरी-पांढरी, ती चिंगी. दुसरी काळी कुळकुळीत, ती मनी. २ मार्चला सकाळी लेक तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आली, म्हणे आई पिंजऱ्यात खूप जण आहेत. जाऊन बघते तर तीन पिल्लं! आणि पिल्लं म्हणजे उंदराची असतात तशी गुलाबी, डोळे मिटलेली नाहीत हं, अंगभर केस, डोळे टक्क उघडे, आणि दुपारपर्यंत आईच्या शेजारी बसून कोथिंबिरीच्या काडीशी झटापट चालू. तर अशी आमची मनी म्हणजे मन्या निघाला. पण नाव बदलायला आता कोणाची जीभ वळत नाही त्यामुळे तो मनीच.

प्रश्न असा आहे की हे सगळे एकत्र इतके छान राहताहेत, मनी पिल्लांना अजिबात काही करत नाही, ती त्याच्या पाठीवर चढतात, संध्याकाळी हॉलमध्ये सोडलं की आई पुढे आणि बाकीचे मागे अशी झुकझुकगाडी करून सोफ्याखालून फिरतात. त्यांना तोडायचं जिवावर येतंय. पण शेजारच्या काकू म्हणतात दिवाळीपर्यंत पन्नास होतील. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, एकाच घरातले असले की आपसात काही करत नाहीत. जवळच्या डॉक्टरांना नराच्या ऑपरेशनचं विचारलं, ते कुत्र्या-मांजरांचे आहेत, म्हणाले एवढ्याशा जिवाला भूल दिली तर परत जाग येणार नाही.

मग नर आणि माद्या एकत्र ठेवायचेच नसतात का? की काही मार्ग आहे? पिंजरा ४ फूट बाय २ फूट आहे. पिल्लं आज १७ दिवसांची झाली.

कोथिंबीरजुडी | २० मार्च, रात्री १२:१०

मृण्मयी, बाकीचं नंतर वाच. आधी उठ आणि मनीला वेगळ्या खोक्यात टाक. आत्ता. पुठ्ठ्याचं खोकं चालेल, पाण्याची बाटली, गवत आणि अंगाखाली जुना टॉवेल. टाकलास की मग पुढचं वाच.

टाकलास? बरं. आता वाईट बातमी. गिनीपिगची मादी व्याल्यानंतर काही तासांतच परत माजावर येते. दिवसांत नाही, तासांत. म्हणजे २ मार्चला तुम्ही सगळे पिल्लांचे फोटो काढत होतात तेव्हाच मनीने आपलं काम उरकलेलं असण्याची शक्यता खूप आहे. तुझ्या आधीच्या तारखाच बघ ना, २६ डिसेंबर ते २ मार्च म्हणजे ६६ दिवस, यांचे दिवस ५९ ते ७२ च्या मधे भरतात, म्हणजे घरी आणल्या आणल्याच किंवा दुकानातच राहिलेलं होतं. आता २ मार्चपासून परत मोज. ३० एप्रिल ते १३ मे. कॅलेंडरवर गोल करून ठेव.

दुसरी गोष्ट पिल्लांची. यांच्या नर पिल्लांना तीन आठवड्यांचं झालं की आई, बहीण काही कळत नाही. "एकाच घरातले आपसात करत नाहीत" हे दुकानदाराचं वाक्य ऐकून मला घाम फुटला. २३ मार्चला तुझी पिल्लं २१ दिवसांची होतील, त्या दिवशी जे नर असतील ते आईपासून काढून बापाजवळ द्यायचे. मादी पिल्लू आईजवळच राहू दे. तेही साधारण चार आठवड्यांत वयात येऊ शकतं, म्हणून बाप परत त्या बाजूला नकोच.

ओळखायचं कसं: पिल्लाला मांडीवर उताणं न करता उभं धरायचं, पाठ आपल्या पोटाला टेकलेली, आणि दोन मागच्या पायांच्या मधे बघायचं. मादीला इंग्रजी वाय अक्षरासारखी चीर दिसते. नराला ठिपका, आणि ठिपक्याच्या जरा वर अगदी हलक्या बोटाने दाबलं की काडीसारखं काहीतरी बाहेर येतं. लहान पिल्लांत दोन्ही जवळपास सारखंच वाटतं, म्हणून तिन्ही पिल्लं ओळीने बघ, फरक एकमेकांशेजारी पटकन कळतो. शंका आली तर अंदाजाने हलवू नकोस, डॉक्टरांना दाखवून घे. नर आईजवळ राहिला काय की मादी बापाकडे गेली काय, कुठल्याही बाजूने चुकलीस तर जूनमधे परत इथे येशील.

आणि हो, एकत्र ठेवता येतात. छानच राहतात. पण नराची नसबंदी झाल्यावर.

वऱ्हाडी_पोट्टा | २० मार्च, सकाळी ७:५५

वरच्या ताईंनी सगळं बरोबर सांगितलं, मी फक्त माझी कहाणी सांगतो म्हणजे मृण्मयीताई तुम्हाला वाटणार नाही की लोकं उगाच भेव दाखवून राहिले.

मी नागपूरचा. २०२१ ला दोन आणले, नर-मादी, माहीत असून आणले, म्हटलं एकदा पिल्लं होऊ देऊ, पोट्ट्यांना मजा येईल. वर्षभरात १९ झाले. एकोणीस! आधी कौतुक, मग नातेवाइकांना वाटप, मग नातेवाईक फोन उचलेनात. लसूणघासाची पेंडी गाईवाल्याकडून रोज आणायचो तर तो मले विचारे, भाऊ किती गाई आहेत तुमच्याकडे.

पण संख्या हा अर्धाच त्रास. खरा त्रास झाला नरांचा. बाप आणि दोन पोरं माद्यांसोबत एकाच ठिकाणी होते, चार महिने काही नाही, सोबत खात, सोबत झोपत. मी म्हणे पाहा, लोकं उगाच बोलतात. मग एका रात्री दातांचा कडकड असा आवाज आला, म्हणजे दात दातावर वाजवतात तसा, ते आधी इशारा देतात, मान ताठ, केस फुगवून. मी लाइट लावेपर्यंत बापाचा वरचा ओठ फाटला होता आणि एका पोराच्या कानाचा तुकडा पिंजऱ्यात पडून होता. मधे हात घालू नका हं अशा वेळी, माझ्या अंगठ्याला अजून खूण आहे, जाड टॉवेल टाका दोघांवर. तेव्हापासून एक गोष्ट पक्की समजली: माद्यांच्या घोळक्यात नर एकच. दोन नर माद्या नसतील तिथे गुण्यागोविंदाने राहतात, अन् मादीचा वास आला की सख्खे भाऊ वैरी.

अजून एक सांगतो, ते फार कमी लोक सांगतात. माझी एक मादी आणि एक नर दोघेही रोन होते, म्हणजे रंगीत केसांत पांढरे केस मिसळलेले, दुरून राखाडी दिसतात, लय सुंदर. त्यांच्या पिल्लांत एक पूर्ण पांढरं निघालं, डोळे मोहरीएवढे, दात जवळपास नाहीत. आठवडाभर सिरिंजनं पाजलं, गेलं. नंतर समजलं की दोन रोन एकत्र आले की चारात एक पिल्लू असं होण्याची शक्यता असते. दुकानात हे कोणी सांगत नाही. तुमची चिंगी तपकिरी-पांढरी ठिगळांची असेल अन् मनी पूर्ण काळा तर ती काळजी नाही, पण मनीच्या अंगावर कुठे पांढरे केस मिसळलेले आहेत का एकदा बघून घ्या.

वाड्यातला_नाना | २० मार्च, सकाळी १०:२०

काय ही आजकालची थेरं. आमच्या वाड्यात ७० सालच्या सुमारास एका बिऱ्हाडाकडे जिन्याखाली गिनीपिग होते, नर माद्या पिल्लं सगळी एकत्र, दहा-बारा तरी असायचे कायम. कोणी ऑपरेशन केलं नाही, कोणी वजन केलं नाही, पालेभाजीचा उरलेला पाला टाकायचे, मस्त जगायचे. निसर्ग आपलं बघून घेतो.

कोथिंबीरजुडी | २० मार्च, सकाळी १०:३५

नाना, कायम दहा-बाराच कसे असायचे? महिन्याला वाढत असणार ना?

वाड्यातला_नाना | २० मार्च, दुपारी १२:०५

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. त्या बिऱ्हाडातले एक जण कुठल्याशा प्रयोगशाळेत कामाला होते एवढं आठवतंय. पिशवी घेऊन जायचे सकाळी.

जाऊ दे. चालू द्या तुमचं.

हानोफरची_मेघा | २० मार्च, दुपारी ३:१५

नाना 😀

मी जर्मनीतून लिहितेय, इथे हा प्रश्न कोणी विचारतच नाही कारण इथली रूढ पद्धतच ही आहे: तीन-चार माद्या आणि त्यांच्यात एक नसबंदी केलेला नर. माझ्याकडे तसेच पाच आहेत. आणि गंमत म्हणजे नर असला की माद्यांची आपसातली भांडणं कमी होतात, तो सारखा कंबर हलवत, घुंऽऽ घुंऽऽ करत मधे फिरत असतो, बाया वैतागतात त्याच्यावर, एकमेकींवर नाही. फारच अंगचटीला आला तर मादी मागे वळून त्याच्या तोंडावर नेम धरून मुतते, हे खरंच करतात, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसून हसून खाली बसले होते.

ही रचना त्यांच्या रक्तातलीच आहे. त्यांचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत एक नर आणि थोड्या माद्या अशाच लहान टोळक्यात राहतात. (जर्मनमधे या प्राण्याचं नाव "समुद्री डुकरू", आपण म्हणतो गिनीचं डुक्कर, प्राणी ना समुद्रातला ना गिनीचा ना डुक्कर, मूळचा अँडीज डोंगरातला, तिथे हजारो वर्षांपासून पाळतात, खायला.) म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साख्सर म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी यांच्या वागण्यावर अनेक वर्षं काम केलंय. नर अनोळखी जागेत नेला की त्याच्या अंगात ताणाचं संप्रेरक वाढतं, पण जिच्याशी त्याचं जमलंय ती मादी सोबत असली तर ते बरंच कमी वाढतं, दुसरी कुठली तरी मादी असून तसा उपयोग होत नाही. आणि जो नर मोठ्यांच्या घोळक्यात वाढला तो अनोळखी नराशी जमवून घ्यायला शिकतो, एकट्याने वाढलेला मारामारीच करतो. म्हणून तुझ्या नर पिल्लांना मनीसोबत ठेवायचं हे नुसतं जागा वाचवण्यासाठी नाही, बापाकडून ती वळण शिकतात. एकट्याला तर कोणालाच ठेवू नकोस. शेजारच्या स्वित्झर्लंडमधे २००८ च्या नियमांप्रमाणे एकटा गिनीपिग पाळणं कायद्यानेच मना आहे.

नसबंदीबद्दल महत्त्वाचं: ऑपरेशन झालं की लगेच मादीकडे सोडायचं नाही. सहा आठवडे थांबायचं. आधीचं शिल्लक असतं आत. इथे कित्येकांची "नसबंदीनंतरची" पिल्लं याच घाईने झालेली आहेत. इकडे काही डॉक्टर पिल्लू तीन आठवड्यांच्या आतबाहेर, वयात यायच्या आधीच ऑपरेशन करतात, मग थांबावं लागत नाही, आईजवळच राहतं. भारतात इतक्या लहान वयात करणारे कोणी आहेत का ते तिथलेच लोक सांगू शकतील.

प्राण्यांची_डॉक्टर | २० मार्च, रात्री ९:३०

मी पशुवैद्य आहे, पुण्यात नाही, त्यामुळे जाहिरात नाही 🙂

"भूल दिली तर जाग येणार नाही" हे पूर्ण खोटं नाही आणि पूर्ण खरंही नाही. या प्राण्यांत भुलीचा धोका कुत्र्यापेक्षा जास्त असतो हे खरं. पण ज्यांच्याकडे गॅसची भूल म्हणजे आयसोफ्लुरेन आहे आणि जे ससे-गिनीपिग नेहमी करतात त्यांच्याकडे हे नेहमीचं ऑपरेशन आहे. पुण्या-मुंबईत पक्षी, ससे, कासवं बघणारे डॉक्टर आहेत, त्यांना "एक्झॉटिक" म्हणून विचारा. फोनवर तीन प्रश्न विचारायचे. भूल कशाची देता, महिन्याला असे नर किती करता, आणि ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवायचं का. शेवटच्याचं उत्तर "रात्रभर उपाशी ठेवा" असं आलं तर आभार मानून फोन ठेवा. गिनीपिगला उलटी होत नाही, त्याचं आतडं सतत चालतं राहायला हवं, उपाशी ठेवलं तर तेच महागात पडतं.

नरांत जांघेतली वाट उघडी असते, तिथून आतडं किंवा चरबी खाली उतरू शकते, म्हणून ती नीट बंद करणारा हात हवा. घरी आल्यावर गवतावर न ठेवता दोन-चार दिवस स्वच्छ टॉवेलवर, टाक्यांत कचरा जाऊ नये म्हणून. त्याच संध्याकाळी तो काहीतरी खायला लागला पाहिजे. लेंड्या मोजा, हो मोजाच. दुसऱ्या दिवशी खात नसेल तर थांबायचं नाही. आणि कोणीही, मेडिकलवाला असो की शेजारी, तोंडावाटे अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या घरातलं काही द्या म्हणाला तर देऊ नका, आतड्यातले चांगले जिवाणू मरून प्राणी दगावतो. औषधांचे डोस मी इथे लिहीत नाही, माफ करा.

आता चिंगीबद्दल. तिचं पहिलं बाळंतपण लवकर झालं, वयाच्या दृष्टीने कोवळीच होती, पण एका अर्थी सुटली. मादीचं पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांनंतर झालं तर ओटीपोटाचा पुढचा सांधा तोवर घट्ट झालेला असतो, हवा तेवढा उघडत नाही, आणि पिल्लं मोठ्या डोक्याची असतात. मग सिझेरियन किंवा मृत्यू. म्हणून "एकदा पिल्लं होऊ दे, मग बघू" म्हणून मोठ्या मादीकडे नर सोडणाऱ्यांना मी हात जोडते. चिंगीचं दुसरं लागोपाठ आहे, अंगावर पिल्लं पाजतेय आणि पोटात परत, तिला खायला कमी पडू देऊ नका. क जीवनसत्त्व यांच्या अंगात तयार होत नाही, आपल्यासारखंच. ढोबळी मिरची, पेरूची फोड, थोडा आवळा, कोथिंबीर रोज. लसूणघास एरवी मोठ्यांना रोज नको, कॅल्शियम फार, मूतखडे होतात, पण गाभण आणि पाजणाऱ्या मादीला सध्या चालेल. शेवटच्या दिवसांत तिने खाणं सोडलं, मलूल झाली तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही.

मृण्मयी_कोथरूड | २३ मार्च, रात्री १०:०५

सगळ्यांना काय म्हणू. रात्री साडेबाराला नवऱ्याला उठवलं आणि मनीला मिक्सरच्या खोक्यात टाकलं. सकाळी लेक रडली, मग तिला समजावलं, म्हणाली मनीला टाइमआउट आहे का. हो म्हटलं.

आज पिल्लं बघितली. आधी मला तिन्ही माद्याच दिसत होत्या (दुकानदाराला आता काय बोलणार), मग कोथिंबीरजुडी तू सांगितलंस तसं ओळीने धरली आणि उजेड नीट पाडला तेव्हा फरक दिसला. दोन नर, एक मादी. नर पिल्लांची नावं लेकीने आधीच शेव आणि पापडी ठेवली होती, मादी करंजी. डाळ मोजायच्या काट्यावर स्टीलच्या डब्यात बसवून वजन केलं, शेव २१०, पापडी २२५, करंजी १९०. शेव आणि पापडी आज बापाकडे गेले. मनीने आधी हुंगलं, मग घुंऽऽ केलं, मग तिघं एका पेंडीत तोंड घालून बसले.

मनीच्या अंगावर पांढरे केस नाहीत, शोधले.

एक शंका. पिंजऱ्याच्या मधे जाळी घालून दोन भाग केले तर चालेल ना? दिसत राहतील एकमेकांना.

वऱ्हाडी_पोट्टा | २४ मार्च, सकाळी ८:१०

तिघं नर आहेत तिकडे, अन् जाळीच्या पलीकडे माद्या, म्हणजे वास चोवीस तास. नका करू. माझ्याकडे जाळीतूनच कार्यक्रम झाला होता एकदा, भोकं मोठी होती, तुम्ही विश्वास ठेवणार नाही पण झालं. दुसरी खोली द्या. अन् ऊन वाढून राहिलं, पुण्यातही एप्रिल सोपा नसतो, २७-२८ च्या वर गेलं की हे गळून जातात. घाम येत नाही त्यांना. फरशीवर ठेवा, पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात द्या, टेकून झोपतात तिला. कूलरची हवा सरळ अंगावर नको.

मृण्मयी_कोथरूड | ७ एप्रिल, दुपारी १:२०

काल मनीचं ऑपरेशन झालं. चार ठिकाणी फोन केले, दोघांनी "रात्री काही देऊ नका" म्हटलं, आभार मानून ठेवला. तिसऱ्या बाई म्हणाल्या सोबत त्याची आवडती भाजी डब्यात घेऊन या, जाग आली की तोंडापुढे धरू. तिथेच नेलं. सकाळी साडेनऊला आत, अकराला बाहेर, बारा वाजता त्याने ढोबळी मिरचीचा तुकडा असा ओढला माझ्या हातातून की मी रडलेच. फी दोन्ही गिनीपिगच्या किमतीच्या पाचपट झाली, नवरा म्हणाला दुकानदाराकडे पाठवू का बिल.

लेंड्या मोजतेय. रात्रीत ४१. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या मुलीच्या वेळी इतकं लक्ष नव्हतं दिलंस.

सहा आठवडे म्हणजे १८ मे. चिंगीचं पोट आता दोन्ही बाजूंनी फुगलंय, नासपतीसारखी दिसते, हात लावला की आत वळवळ कळते. म्हणजे होतंच राहिलेलं.

हानोफरची_मेघा | ७ एप्रिल, दुपारी ४:४०

वा! आता शेव-पापडीचं ठरव. ती दोघं मनीसोबत कायम राहू शकतात असं नाही, मनी मे महिन्यात बायकांकडे गेला की दोघं भाऊ उरतील. नसबंदी करूनही तिघांना माद्यांत सोडता येणार नाही, नसबंदीने पिल्लं थांबतात, नरांची मादीवरून होणारी भांडणं थांबतीलच असं नाही. दोघं भाऊ जोडीने, माद्यांपासून लांब, हीच त्यांची सगळ्यात चांगली सोय. तीन ते सहा महिन्यांत जरा मस्तीत येतील, एकमेकांवर चढतील, घुरघुरतील, तेवढ्याने वेगळं करू नकोस, रक्त आलं तरच. दोन लपायच्या जागा, दोन ताटल्या, दोन बाटल्या, आणि प्रत्येक लपायच्या घराला दोन दारं, कोणी कोणाला कोपऱ्यात कोंडायला नको.

मृण्मयी_कोथरूड | २१ मे, रात्री १०:५०

उशीर झाला सांगायला. ५ मेच्या पहाटे चिंगी व्याली, ६४ वा दिवस. दोनच पिल्लं, दोन्ही नीट. यावेळी डॉक्टरबाईंकडूनच बघून घेतलं, दोन्ही माद्या, त्यांनी दोनदा बघितलं कारण मी दोनदा विचारलं. सुधारस आणि गुळपोळी. (नावं लेकच ठेवते.) करंजी आता ४७० ग्रॅमची झालीय आणि तिचं पोट सपाट आहे, रोज बघत होते.

सनपॅकची (पन्हळी प्लॅस्टिकची) शीट आणि जाळीचे चौकोन आणून हॉलमधे ८ फूट बाय अडीच फूट जागा केलीय, टीव्हीचं टेबल हललं, त्यावर स्वतंत्र धागा निघेल.

१८ ला नाही, काल २० ला मनीला सोडलं, दोन दिवस जास्तच थांबले. कोणाचीच नसलेली जागा हवी म्हणून बाथरूमच्या बाहेरच्या पॅसेजमधे जुनी चादर घातली, मधोमध कोथिंबिरीच्या तीन जुड्या सोडल्या, आणि टॉवेल हातात धरून बसले. मनी शिरला तो कंबर हलवतच. घुंऽऽ घुंऽऽ. करंजीने दात वाजवले. सुधारस आणि गुळपोळी आईच्या पोटाखाली. चिंगी खात होती ती खातच राहिली, तो मागून अगदी जवळ आला, हुंगायला नाक पुढे केलं, आणि हिने न वळता, म्हणजे तोंडातली काडीही न सोडता, मागच्या मागे पिचकारी मारली. सरळ नाकावर. तो दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून बसला होता.

रात्री पाचही जण एका चादरीखाली होते.

शेव आणि पापडी आतल्या खोलीत आहेत, वजनं ५१० आणि ५३०, भांडत नाहीत. पण आमच्या घरात आता सात आहेत आणि नवरा "पाच" म्हणाला होता. दोघांना जोडीनेच देणार, एकेकटा मागणाऱ्यांनी विचारू नये, घरी माद्या असणाऱ्यांनी तर नकोच. पिंजरा, बाटल्या आणि महिनाभराचं गवत सोबत देते.

वाड्यातला_नाना | २२ मे, सकाळी ६:३०

मी सदाशिव पेठेत राहतो. घरी एकटाच असतो, जिना आहे, पण जिन्याखाली ठेवणार नाही, बाहेरच्या खोलीत पंखा आहे. रविवारी येऊन बघितले तर चालतील का? कोथिंबीर आणतो.